मदत हवी आहे: मोकळ्या शेवटाचे सिनेमे सुचवा, आईसोबत बघायचेत

मंडळी, मला आणि आईला एकत्र बघायला सिनेमे हवे आहेत. शेवट मोकळा सोडलेला असावा, पण तो बघून आईने "अगं, मग पुढे काय झालं?" म्हणत माझ्यावर रागावू नये. या दोन गोष्टी एकत्र बसवायला मला जमत नाहीये, म्हणून विचारतेय.

खाली ज्या सिनेमांबद्दल लिहिलंय त्यांचे शेवट सांगून टाकले आहेत. बघायचे राहिले असतील तर आधी बघा, विशेषतः 'अ सेपरेशन'.

सध्या आम्ही दोघी रात्री जेवणं आटपली की सिनेमा लावतो. निवड माझी, शेरे तिचे. मला अलीकडे असे सिनेमे फार आवडायला लागलेत जे आपल्याला हवं असलेलं उत्तर न देताच थांबतात. पडद्यावर नावं सरकायला लागली तरी डोक्यात सिनेमा चालूच राहतो. आईचा नेमका याला आक्षेप. तिचं म्हणणं, दोन तास एखाद्या माणसात जीव गुंतवायला लावलात, तर त्याचं काय झालं एवढं सांगायला काय हरकत आहे?

पहिली ठिणगी 'अ सेपरेशन'वर पडली. असगर फरहादीचा २०११चा इराणी सिनेमा. सिमिनला देश सोडून जायचंय, नादेरचा पाय स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांमुळे निघत नाही आणि त्यांची अकरा वर्षांची मुलगी तेरमे दोघांच्या मधे. सुरुवातीलाच नवराबायको सरळ कॅमेऱ्याकडे बघून आपापली बाजू मांडतात, कारण कॅमेरा न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलाय. तिथूनच आई सिनेमात शिरली. मधे कोणाचा तरी फोन आला तर तिने तो उचललाही नाही. नादेर वडिलांना आंघोळ घालता घालता रडायला लागतो, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता.

शेवटी तेरमेला विचारतात, कोणाकडे राहणार? माझं ठरलंय म्हणते, पण आईबाबांच्या देखत सांगत नाही. दोघांना बाहेर पाठवतात. कोर्टाचा तो बोळ, मधे काच, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, लोकांची ये-जा चालू. आणि त्याच दृश्यावर नावं यायला लागतात. आई नावं संपेपर्यंत तशीच बसून होती, मुलगी आता तरी बाहेर येईल म्हणून.

मला हा शेवट बिनतोड वाटतो. तेरमे कोणाचंही नाव घेवो, तिचं जे जायचं ते कधीच गेलंय. कामवाल्या बाईच्या तक्रारीवरून चाललेल्या खटल्यात बापाला वाचवायला ती न्यायाधीशासमोर खोटं बोलते, त्याच क्षणी. आपल्याला नाव कळलं असतं तर आपण लगेच कोण जिंकलं, कोण हरलं याचा हिशेब मांडला असता आणि त्या दोघांमधली काच दिसलीच नसती. हे सगळं मी आईला सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते खरं असेल. पण ती पोर आत एकटी बसलीय ना." यावर काय बोलणार?

मग 'कोर्ट' लावला. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४चा. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली असा आरोप आणि मग तारखांवर तारखा. वीरा साथीदार यांनी कांबळे असे उभे केलेत की ते अभिनय करतायत हे विसरायला होतं. जामीन मिळतो, पुन्हा अटक होते, पुन्हा तोच न्यायाधीश आणि त्यात कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. लोक निघून जातात, दिवे बंद होतात, रिकामं कोर्ट अंधारात. संपला असं वाटतं, पण नाही. पुढे न्यायाधीश सदावर्ते घरच्यांबरोबर सहलीला गेलेले दिसतात. बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागते, पोरं कानाशी ओरडून पळतात, हाताला लागलेल्या एकाला ते थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. इथे सिनेमा थांबतो.

आई भडकली. "त्या म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडून हे सुट्टी काय दाखवत बसलेत!" मला वाटतं तिचं भडकणं योग्यच होतं, दिग्दर्शकाला तेच हवं असणार. पण तिचा राग त्या व्यवस्थेवर न जाता सिनेमावर गेला आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण गेल्या दहापंधरा वर्षांत मराठीत झालेल्या सगळ्यात चांगल्या सिनेमांपैकी तो एक आहे असं मी मनापासून मानते.

'फँड्री'ला मात्र ती एक अक्षर बोलली नाही. चिडवणाऱ्या गावकऱ्यावर जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्या दिशेने येतो आणि संपतं सगळं. पुढे त्या पोराचं काय होणार हे तिथेही सांगितलेलं नाही. तरी आई थोड्या वेळाने "बरं केलं त्याने" एवढंच म्हणाली आणि झोपायला गेली.

'इन्सेप्शन'च्या शेवटच्या भोवऱ्यावर जगभर वाद झाले, भोवरा पडला की फिरतच राहिला, म्हणजे नायक जागा आहे की स्वप्नातच. आईला त्याचं काहीच नाही. "तो स्वतः भोवऱ्याकडे बघत नाहीये, पोरांकडे गेला. मग मी कशाला बघू?"

आणि मग 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल'. २०२३चा फ्रेंच सिनेमा, दिग्दर्शिका जस्टिन त्रिए, कान चित्रपट महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. नवरा घराच्या वरच्या मजल्यावरून पडून मेलेला सापडतो, बायकोवर खटला चालतो आणि अधू दृष्टीचा मुलगा साक्षीला उभा राहतो. बायको सुटते. पण तिने ढकललं की तो स्वतः पडला, हे शेवटपर्यंत कळत नाही. मला वाटलं, आता पुन्हा भांडण. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिने मला सगळा खटला पुन्हा ऐकवला. नवराबायकोच्या भांडणाचं ते ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवतात, त्यातलं कोणाचं कुठलं वाक्य खरं आणि कुठलं नुसतं लागेल असं बोललेलं, याचा तिने बारीक कीस काढला. माझ्या ध्यानात न आलेल्या गोष्टी तिने पकडल्या होत्या.

यावरून मला असं वाटतं की सत्य गुलदस्त्यात राहिलं तर तिला चालतं. माणूस अधांतरी राहिलेला तिला सोसत नाही. जब्याने दगड मारला, ती बाई सुटून मुलाजवळ घरी आली, म्हणजे कोणीतरी कुठेतरी पोचलं. तेरमे आणि कांबळे पोचले नाहीत.

तर असे सिनेमे सुचवा, ज्यात प्रश्न मोकळा राहतो पण माणसाचा हात सुटत नाही. भाषा कुठलीही चालेल. मात्र सबटायटल्स वाचताना ती दमते, त्यामुळे फार बडबड नको. मारहाण, रक्त नको. संथ असला तर उत्तमच, तिला घाई नसते.

आणखी एक प्रामाणिक प्रश्न. तिला जे आवडत नाही ते तिच्या गळी उतरवायचा माझा हा हट्ट बरोबर आहे का?

प्रतिसाद १

'बिफोर सनराइज' लावा. १९९५चा. आगगाडीत भेटलेले दोघं व्हिएन्नात एक रात्र हिंडतात आणि सहा महिन्यांनी याच फलाटावर भेटायचं ठरवून आपापल्या वाटेने जातात. भेटतात का? सिनेमा सांगत नाही. पण आईंना सांगा की उत्तर आहे, २००४च्या 'बिफोर सनसेट'मध्ये. तेव्हाच्या प्रेक्षकांनी नऊ वर्षं वाट बघितली. तुम्ही दुसऱ्याच रात्री बघू शकता.

धागाकर्ती

मला स्वतःला तो खूप आवडतो, पण दोघं अखंड बोलत असतात हो. आईची वाचून वाचून दमछाक होईल. उत्तर पुढच्या सिनेमात मिळतं ही कल्पना मात्र एकदम पटली. असे आणखी आहेत का?

प्रतिसाद २

त्रुफोचा 'द फोर हंड्रेड ब्लोज', १९५९. सुधारगृहातून पळालेला आंत्वान धावत धावत समुद्रापर्यंत पोचतो, पाण्यात पाय घालतो, वळून आपल्याकडे बघतो आणि चित्र तिथेच गोठतं. पुढे वीस वर्षं, १९७९पर्यंत, त्याच नटाला घेऊन त्रुफोने आंत्वानची गोष्ट सांगितली. पोराचं पुढे काय झालं याचं इतकं सविस्तर उत्तर क्वचितच कोणी दिलं असेल.

प्रतिसाद ३

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आईंना पटवायच्या फंदात पडू नका असं माझं स्पष्ट मत. त्या सिनेमा नीट बघतायत. 'कोर्ट'बद्दल एक गोष्ट मात्र त्यांना जरूर सांगा. सहलीच्या त्या भागात एका बोलत नसलेल्या मुलाचा विषय निघतो आणि सदावर्ते त्याचं नाव बदला, अंगठी घाला असे सल्ले देतात. कोर्टात कायद्याचं पुस्तक उघडून माणसाचं भवितव्य ठरवणारा माणूस कोर्टाबाहेर कसा विचार करतो, ते तिथे दिसतं. कांबळेंचं पुढे काय होणार याचं उत्तर मला त्या गप्पांमध्ये मिळालं. सहलीचं दृश्य कांबळेंबद्दलच आहे, फक्त ते त्यात नाहीत.

धागाकर्ती

हे फार नेमकं लिहिलंत. त्या सल्ल्यांकडे मी इतकं लक्ष दिलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "असं असेल तर तेवढा शेवट परत लाव."

प्रतिसाद ४

तुमच्या सगळ्या अटींत बसेल असं एक त्रिकूट सुचवते. इराणच्याच अब्बास किआरोस्तामीचे तीन सिनेमे, पण क्रमानेच बघायचे.

पहिला 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस', १९८७. अहमदकडून चुकून वर्गमित्राची वही घरी येते. मित्राने गृहपाठ वहीत केला नाही तर मास्तर त्याला शाळेतून काढणार. म्हणून हा पोरगा नागमोडी वाटेने टेकडी ओलांडून शेजारच्या गावात घर शोधत फिरतो. शेवट गोड आहे, सांगत नाही.

१९९०मध्ये त्याच भागात मोठा भूकंप झाला. दुसऱ्या सिनेमात, 'अँड लाइफ गोज ऑन', १९९२, एक दिग्दर्शक आपल्या मुलाला घेऊन, पहिल्या सिनेमातली मुलं जिवंत आहेत का ते बघायला निघतो. ती सापडली का हे सिनेमा सांगत नाही. शेवटच्या लांबलचक दृश्यात गाडी चढ चढू शकत नाही, मागे घसरते, पुन्हा जोर लावते. आईंना हा शेवट खटकेल कदाचित, पण त्यांना तिसऱ्यापर्यंत धीर धरायला सांगा. 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज', १९९४, यात ती मुलं दिसतात.

आणि या तिसऱ्याचा शेवट! हुसेनला ताहिरेशी लग्न करायचंय, ती उत्तरच देत नाही. ती चालत निघते, हा मागे मागे. कॅमेरा टेकडीवर थांबतो. दोघं शेतात पांढऱ्या ठिपक्यांएवढे होतात. ठिपके जवळ येतात आणि मग एक ठिपका वळून धावत परत यायला लागतो. ती काय म्हणाली ते आपल्याला ऐकूच येत नाही.

धागाकर्ती

तिन्ही बघितले! आधी तुमचे मनापासून आभार.

पहिल्यात मास्तर वही उघडतात आणि पानांत ते फूल दिसतं, तेव्हा आई लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली. दुसऱ्याच्या शेवटी "मुलं?" एवढंच विचारलं, मी उद्या सांगते म्हटलं. तिसऱ्यात ती दोघं कुंड्या घेऊन आलेली दिसली आणि तिने मला लगेच थांबवायला लावलं. चेहरे ओळखले आणि मगच पुढे.

शेवटच्या दृश्याला मी पडद्याऐवजी तिच्याकडेच बघत होते. "हो म्हणाली ती. नाही म्हणाली असती तर तो असा धावला असता का?" माझं मत उलट आहे, मला तो सैरभैर होऊन पळतोय असं वाटतं. यावर आमचं अजून एकमत नाही. मधूनच ती तेवढा भाग लावायला सांगते.

आता यापुढे काय लावू? उमेश कुलकर्णींचा 'विहीर' (२००९) डोक्यात आहे. नचिकेतचा मृत्यू अपघात होता की आणखी काही, हे त्यात उघड होत नाही एवढं ठाऊक आहे. कोणी घरच्या मोठ्या माणसांबरोबर बघितलाय का?

प्रतिसाद ५

बघितलाय, वडिलांबरोबर. नचिकेत गेल्यानंतरचा भाग जड जातो, त्याचा नात्यातला भाऊ समीर त्याला सगळीकडे शोधत राहतो. पण सिनेमा समीरला एकटं सोडत नाही, शेवटपर्यंत त्याच्याबरोबर चालतो. तुमच्या निकषात बसेल. फक्त आधी थोडी कल्पना देऊन ठेवा आणि रात्री उशिरा लावू नका.

धागाकर्ती

ठीक, मग रविवारी दुपारी लावते. बाकीच्यांनी सुचवत राहा, यादी करतेय.