बॉल पायथनने दोनदा उंदीर ओकला, काय करू?

खाडीकाठ: देवगडजवळ राहतो. घरी दीड वर्षापासून बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर) आहे, मादी, वजन ६२० ग्रॅम. मामेभाऊ परदेशी गेला आणि जनावर माझ्या गळ्यात पडलं. (परदेशी जनावर पाळायची सरकारी नोंद परिवेश पोर्टलवर माझ्या नावाने करून घेतली आहे, त्यावरून सुरू होऊ नका.)

शनिवारी उंदीर दिला. मंगळवारी पहाटे खोलीत असा वास, की मांजराने कपाटामागे मासळी नेऊन टाकली असं वाटलं. पेटीत बघतो तर उंदीर बाहेर. डोक्याकडचा भाग विरघळलेला, मागचा केसांसकट जसाच्या तसा. पोट रिकामं झालं, भूक असेल म्हणून पाचव्या दिवशी दुसरा दिला. तोही दोन दिवसांत बाहेर. आता वजन ५७०. आजी म्हणते, "त्येका ओव्याचा पाणी पाज." इथले डॉक्टर गुरांचे, फोनवर आधी हसलेच.

काचपेटी: उष्ण बाजूला जमिनीवर तापमान किती? काचेवर चिकटवलेला गोल काटा सांगू नका, प्रोबवाला थर्मामीटर साप बसतो तिथे ठेवून सांगा. उंदीर किती ग्रॅमचा? आणि त्या दिवसांत वीज गेली होती का, किती वेळ?

खाडीकाठ: काटा ३१ दाखवतो. प्रोब आज ठेवला, २६! सिरॅमिक बल्ब (उजेड न देता नुसती ऊब देणारा) वरच्या जाळीवर आहे, ऊब वरच्या वरच राहते बहुतेक. वीज त्या शनिवारी रात्री गेली ती रविवारी संध्याकाळी आली, तारेवर पोफळ पडली होती. उंदीर ९० ग्रॅमचा. आणि रविवारी पाहुण्यांची पोरं हट्टाला पेटली म्हणून दहा मिनिटं हातात दिली होती.

काचपेटी: मग उत्तर तुम्हीच लिहिलंत की. सापाला अंगची ऊब नसते, पचन बाहेरच्या उष्णतेवर चालतं. ती मिळाली नाही की उंदीर पोटात पचण्याआधी कुजायला लागतो आणि साप तो बाहेर टाकतो. त्यात उंदीर मोठा, आणि खाल्ल्यावर निदान ४८ तास हात लावायचा नसतो. दुसऱ्यांदा ओकणं मात्र तुमच्या घाईचं फळ. एकदा ओकला की अन्ननलिका आम्लाने भाजलेली असते. तिला दोन आठवडे सुट्टी द्या, फक्त ताजं पाणी. मग ३० ग्रॅमचं उंदराचं पिल्लू, त्याहून मोठं नाही. बॉल पायथन महिनोन्महिने उपाशी राहू शकतो, भुकेची धास्ती नको. उष्ण बाजू ३१-३२ हवी, पेटीखाली हीटमॅट लावा, पण थर्मोस्टॅटसकट (ठरल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारं यंत्र), नाहीतर पोट भाजेल. मॅट २० वॉटची असली तर इन्व्हर्टरवर निघते.

सर्पमित्र_चिपळूण: ताण हलक्यात घेऊ नका. पकडलेली धामण पिशवीत टाकली की कधी कधी खाल्लेला बेडूक ओकते, पळायला अंग हलकं हवं असतं तिला. तुमची तर पोरांच्या हातात होती. ओव्याचं पाणी, हळद-दूध काही नको, दूध सापाला पचत नाही. आणि तिसऱ्यांदा ओकली तर घरचे प्रयोग बंद. ताजी शी डबीत घालून त्याच गुरांच्या डॉक्टरांकडे न्या. जंतांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, ती बघायला साप ओळखावा लागत नाही. जंताचं औषध मनाने देऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी असेल तर मात्र वेगळी तपासणी लागते, त्यासाठी मुंबई गाठावी लागेल.

खाडीकाठ: (२६ दिवसांनी) मॅट लावली. एकदा पाच तास वीज नव्हती, इन्व्हर्टरनेही मान टाकली, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या टॉवेलात गुंडाळून पेटीबाहेर काचेला टेकवल्या. पंधराव्या दिवशी ३२ ग्रॅमचं पिल्लू दिलं. त्या आठवड्यात पेटीवर चादर टाकून ठेवली, पोरांना सांगितलं जनावर कात टाकतंय. आठव्या दिवशी शी झाली, काळपट, बाजूला खडूसारखा पांढरा गोळा. वास आला, पण तो शीचाच. वजन ५८४. डॉक्टरांना डबी नेऊन दिली, या वेळी हसले नाहीत, अंडी नाहीत म्हणाले.

आजीने ओवा स्वतःच खाल्ला.

काचपेटी: पुढचं पिल्लू दहा-बारा दिवसांनी, ४० ग्रॅमचं. त्या रात्री वाऱ्याचा जोर असला तर देऊच नका.