इम्प्लांटचा स्क्रू दुसऱ्यांदा सैल, मग ५० लाख फेऱ्यांचा कागद कशाचा?

बार्जवाला (सावर्डे)
खनिजाच्या बार्जींवर तीस वर्षं इंजिनं सांभाळली, बोल्ट किती आवळायचा ते हाताला कळतं. खालच्या दाढेचा इम्प्लांट बसवून चौदा महिने झाले. कॅपचा आतला स्क्रू दोनदा सैल. दुसऱ्यांदा तर तोंडात कुर्लीची नांगी नव्हती, रशात भिजवलेला उंडो (पाव) होता! डॉक्टरांनी कंपनीचा कागद दाखवला: आयएसओ १४८०१ (इम्प्लांट पुन्हापुन्हा दाबून बघायची चाचणी), ५० लाख फेऱ्या पास. दिवसाला अडीच हजार चावे धरले तरी साडेपाच वर्षं निघायला हवीत. चुकलं कुठे?

दाढदुखी
काका, आधी कुर्ल्या सोडा. :)

दंतवैद्य (म्हापसा)
हिशेब बरोबर, पण अर्धाच. फेऱ्यांसोबत भार किती न्यूटनचा, ते कागदावर बघा. भार पुरेसा हलका ठेवला तर कुठलाही तुकडा ५० लाख काढील.

चाचणी तशी कडक असते. हाड ३ मिलिमीटर झिजलंय असं धरून इम्प्लांट तेवढा उघडा ठेवतात आणि ३० अंश तिरका दाबतात. सेकंदाला १५ फेऱ्या धरल्या तर चार दिवसांत काम आटोपतं. पण दाब दर वेळी तेवढाच, त्याच रेषेत. तोंडात दाढ आडवीही घासते. या चाचणीवरून दोन डिझाइनांची तुलना होते, तुमच्या दाढेची वर्षं मोजता येत नाहीत.

स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळला होता का? बऱ्याच कंपन्या ३० ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर सांगतात. दहा मिनिटांनी पुन्हा आवळावा लागतो, कारण पृष्ठभाग दबून ताण थोडा उतरतो. आणि झोपेत दात खाता का?

बार्जवाला (सावर्डे)
सिलिंडर हेडचे बोल्टही आम्ही परत आवळायचो, हे डोक्यातच आलं नाही. रेंच पहिल्यांदा होता, दुसऱ्यांदा डॉक्टरांनी हातानेच फिरवला, स्क्रूही तोच जुना. झोपेतलं बायकोला विचारलं. म्हणते, "रात्रभर कर्र कर्र, मी उशी कानावर घेते."

दंतवैद्य (म्हापसा)
मग नवा स्क्रू मागा, त्याच कंपनीचा. दोनदा सैल झालेला ताणला गेलेला असतो, तो पुढे आतच तुटला तर तुकडा काढताना घाम फुटतो. चावा खूण उमटणाऱ्या कागदाने तपासून कॅप उंच असेल तर घासून घ्या, आणि रात्री दातांवर घालायला नाइट गार्ड, म्हणजे संरक्षक कवच. इम्प्लांटला खऱ्या दातासारखी हाडाशी लवचीक गादी नसते, त्यामुळे जास्त दाब पडतोय हे तुम्हाला नीट जाणवतच नाही.

बार्जवाला (सावर्डे)
सोमवारी जातो. रेंचवरचा आकडा स्वतः वाचणार.