फॉरमॅट मारण्याआधी एवढं बघा

जुना लॅपटॉप मध्येच बंद पडतो, काय करू, या प्रश्नावर कुणीतरी फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकायचा सल्ला दिलाय. थोडं थांबा. आधी लॅपटॉप चालू करून नुसता बायोसच्या (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंग्जच्या) स्क्रीनवर अर्धा तास ठेवा. तिथेही बंद पडला तर विंडोजचा काही संबंध नाही, दोष हार्डवेअरमध्येच आहे. बंद पडला नाही म्हणून हार्डवेअर निर्दोष ठरत नाही मात्र, कारण तिथे प्रोसेसरवर फारसा भार नसतो.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमधली 'कर्नेल-पॉवर ४१' ही नोंद पाहून घाबरू नका. मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

माझा पहिला संशय उष्णतेवर. तापमान दाखवणारं एखादं सॉफ्टवेअर टाकून व्हिडिओ लावा. आकडा ९५-१०० अंशांवर जाऊन लॅपटॉप बंद पडत असेल तर उत्तर मिळालं. नुसत्या जाळीवर फुंकर मारून भागत नाही. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, तो बाहेरून दिसतच नाही. पंखा सोडवून तो थर काढा, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली वाळलेली थर्मल पेस्टही बदला.

तापमान ठीक असेल तर बॅटरी काढून फक्त अडॅप्टरवर चालवून बघा. अडॅप्टरची पिन जरा हलवताच बंद पडला तर ती जिथे बसते तो जॅक सैल आहे. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर बाकी सगळं राहू द्या, ती आधी बदला. त्यात आगीचा खरा धोका असतो.