प्रश्नचिन्हं डेटाबेसात, आणि शिव्या पीएचपीला?

अर्धविराम
काल एका नवशिक्याने विचारलं होतं, की पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेल्या फॉर्ममध्ये नाव मराठीत भरलं तर डेटाबेसात नुसती ????? जातात. त्यावर नानासर्व्हर यांचं एका ओळीचं उत्तर: "पीएचपी टाकाऊ आहे, पायथन शिका." ते डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

नाना, ती प्रश्नचिन्हं पीएचपी घालत नाही, मायएसक्यूएल घालतं, म्हणजे तो डेटाबेस. त्याची ८.० आवृत्ती येईपर्यंत त्याचा ठरलेला कॅरसेट (साठवता येणाऱ्या अक्षरांचा संच) लॅटिन१, म्हणजे रोमन अक्षरांपुरता, होता. जोडणी यूटीएफची (सगळ्या लिप्या चालणारी) आणि कॉलम लॅटिन१चा असला, की आपलं एकही अक्षर त्यात मावत नाही. मग प्रत्येकाच्या जागी एक '?'. पायथनमधून पाठवा, नाहीतर पोस्टाने पाठवा, तेच होणार.

नानासर्व्हर
मी २००३ पासून सर्व्हर सांभाळतोय, मला लॅटिन१ शिकवू नका. साधा अपॉस्ट्रॉफी आला तरी क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) मोडायची, आणि त्याआधी आपोआप बॅकस्लॅश घालणारे पीएचपीचे मॅजिक कोट्स लावले की नावांत बॅकस्लॅशची रांग. असल्या भाषेला टाकाऊ नाही तर काय म्हणायचं?

अर्धविराम
मॅजिक कोट्स पीएचपी ५.४ मध्ये गेले, २०१२ साली. डेटाबेसशी बोलणारी जुनी mysql फंक्शन्स ७.० मध्ये गेली. तुमचा राग अजून सायबर कॅफेतच बसलाय. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा (हुकूम वेगळा, माहिती वेगळी), अपॉस्ट्रॉफी बिचारा गप्प राहतो.

बारामतीकर
दोघेही थांबा. मराठीसाठी यूटीएफ८एमबी४ हा मोठा कॅरसेट लागतोच लागतो, जुन्या यूटीएफ८ मध्ये मराठी बसत नाही. मुद्दा संपला.

मृण्मयी_टी
नाही संपला. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, ते जुन्यातही बसतं. चौथा बाइट इमोजीला लागतो. एमबी४ घ्याच, पण कारण तरी खरं सांगा.

आणि लांबीचंही बघा. 'स्त्री' आपल्याला एक अक्षर दिसतं, मायएसक्यूएल सुटी चिन्हं धरून सहा मोजतं, पीएचपीचं लांबी सांगणारं साधं strlen बाइट मोजून अठरा सांगतं. टेक्स्ट कॉलमची मर्यादा ६५,५३५ बाइटांची, म्हणजे मराठीत जेमतेम २१,८४५ चिन्हं. माझ्या सासऱ्यांच्या आठवणींचं शेवटचं प्रकरण असंच मधेच कापलं गेलं. एरर नाही, काही नाही. त्यांना वाटलं सूनबाईने संपादन केलं!

बारामतीकर
बरं ताई, तुमचं बरोबर. आमच्या इमोजींसाठी तरी एमबी४ राहू द्या.

पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे. मी एका वधूवर मंडळाची साइट बघतो. 'कऱ्हाडे' शोधलं की निम्मीच स्थळं यायची. निम्म्यांनी ऱ वापरून टाइप केलेलं, उरलेल्यांनी साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही हुबेहूब, डेटाबेसात दोन जाती. एका मुलीचे वडील मला म्हणाले, तुम्ही मुद्दाम लपवता का?

जुनं_खोड
ऱ द्रविडी उच्चारासाठी दिलेलं अक्षर आहे. मराठीच्या अर्ध्या र साठी ते वापरणं अशुद्ध. कीबोर्डवाल्यांनी वाट लावली आहे.

बारामतीकर
युनिकोड या जगभरच्या अक्षरांच्या मानकाच्या तक्त्यात त्याच अक्षराखाली लिहिलंय, की याचं अर्धं रूप म्हणजे आपला पापणीसारखा र. आता युनिकोडलाही अशुद्ध म्हणा.

जुनं_खोड
म्हणतोच! आमच्या वेळी छापखान्यातला कंपोझिटर खिळा हातात घेऊन बघायचा. तुम्ही न दिसणारं अक्षर मधे घालता आणि वर शोध चालत नाही म्हणून रडता.

मृण्मयी_टी
काका, शुद्ध-अशुद्ध तुम्ही ठरवा, पण साठवताना एकच रूप ठेवा. सेव्ह करायच्या आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असा तुकडा दिसला की ऱ आणि हलन्त करायचा. शोधाच्या चौकटीतून येणाऱ्या शब्दालाही तेच. एका ओळीचं str_replace आहे.

जुनं_खोड
पडद्यावर वळण तेच राहणार असेल तर करा. पटलेलं नाही, दमलोय.

नानासर्व्हर
मूळ प्रश्नाचं काय झालं? की कऱ्हाडेंचं लग्न लावूनच उठणार सगळे?

नवशिका
मीच तो. आमच्या सोसायटीची सभासद यादी आहे. आधी प्रश्नचिन्हं नव्हती, सेव्ह करताना १३६६ नंबरचा 'इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू' असा एरर यायचा. नानांनीच मागच्या आठवड्यात सांगितलं, स्ट्रिक्ट मोड (न मावणारी माहिती नाकारणारी सेटिंग) बंद कर. केला. एरर गेला, प्रश्नचिन्हं आली.

अर्धविराम
वा नाना! म्हणजे डेटाबेस बोंबलून सांगत होता की हे नाव मावत नाही, आणि तुम्ही त्याच्याच तोंडावर हात ठेवलात. आणि वर पीएचपी टाकाऊ!

नानासर्व्हर
स्ट्रिक्ट मोड मायएसक्यूएल ५.७ पासून आपोआप चालू असतो. त्याआधी आमचं सगळं त्याच्याशिवायच चालायचं. असो. हा सल्ला घाईत दिला, एवढं मान्य. पीएचपीबद्दलचं मत तेच.

नवशिका
आता कॉलम एमबी४ केला, स्ट्रिक्ट परत चालू केला. नवीन नावं नीट जातायत. आधीची साठ-सत्तर नावं परत कशी आणू?

मृण्मयी_टी
नाही येणार. प्रश्नचिन्ह म्हणून साठलं की मूळ बाइट गेले. जोडणीचा घोळ होऊन रोमन चिन्हांचा कचरा दिसत असता तर उलटं फिरवता आलं असतं. कागदावर यादी आहे का कुठे?

नवशिका
सेक्रेटरीकाकांच्या वहीत आहे. त्यांचं अक्षर लागत नाही.