आजीच्या आखाजीच्या गाण्यांना बीट लावायची आहे, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?

बोरीकाठ (पारोळा)

राम राम मंडळी. माझी आजी ७८ वर्षांची आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) झोक्यावर म्हणायची गाणी तिला अजून तोंडपाठ आहेत. या वर्षी मोबाइलवर अकरा गाणी रेकॉर्ड करून घेतली. त्यांच्याखाली ढोलकी, टाळ्या आणि थोडा बेस टाकून गाणी तयार करायची आहेत. लग्नात डीजेवर वाजली तर आनंदच आहे, पण आधी घरातल्या पोरींनी ती ऐकावीत अशी फार इच्छा आहे.

लॅपटॉप आय-थ्री, रॅम ४ जीबी, साधी हार्ड डिस्क. जिनिंगवर काट्याला दोन महिने काम करून ६,००० रुपये जमवले आहेत.

एफएल स्टुडिओचं ट्रायल टाकून बघितलं. बीटच्या पट्टीतल्या १६ घरांत ढोलकी भरली, वर आजीचा आवाज ठेवला. पहिली ओळ बरी जाते, तिसऱ्या ओळीपर्यंत ढोलकी पुढे आणि आजी मागे. टाळ्या मोजल्या तर तीन-तीन पडतात, चार-चार नाही. शिवाय कीबोर्डचं बटण दाबलं की आवाज उशिरा येतो. सॉफ्टवेअर बदलू का? मित्र क्रॅक (पैसे न देता चालणारी चोरीची प्रत) देतो म्हणतोय.

धुळेकर_डीजे

भाऊ, एफएलच घे. १९९७ला फ्रूटीलूप्स म्हणून आलं तेव्हापासून बीट बनवणं हेच त्याचं काम. एकदा विकत घेतलं की पुढची सगळी अपडेट फुकट. मी आठ वर्षं त्याच्यावरच आहे, पॅटर्न टाकायला इतकं सोपं दुसरं काही नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही, त्यामुळे एका बैठकीत गाणं बाहेर काढावं लागतं. आणि सगळ्यात स्वस्त फ्रूटी एडिशनमध्ये आवाज रेकॉर्ड करता येत नाही, त्याला प्रोड्युसर एडिशन लागते. ती सहा हजारांत बसत नाही.

क्रॅक घेऊ नको. माझा एक अख्खा लग्नसराईचा हंगाम त्यात गेला. व्हायरस शिरला आणि डिस्कवरचं सगळं काम पुसलं गेलं.

तापीकाठचा_ढोलकीवाला (भुसावळ)

पारोळ्याचं नाव वाचलं आणि थांबलो. माझी बहीण तिथेच दिलेली आहे.

भाऊ, आधी एक गोष्ट मनात पक्की कर: आजी चुकत नाहीये. झोक्यावरचं गाणं झोक्याच्या हेलकाव्याने चालतं. ओळ संपली की बाई श्वास घेते, तिथे अर्धी मात्रा जास्त जाते. दुसरी बाई ओळ उचलते तेव्हा लय थोडी चढते. तीस वर्षं बायकांच्या गाण्यांमागे ढोलकी वाजवतो आहे, मी गाणारीच्या तोंडाकडे बघून ठेका धरतो. तू मात्र मशीनची लय ठरवून आजीला तिच्यामागे पळायला लावलंस. आता उलटं कर. आवाज जागचा हलणार नाही आणि मात्रांची जाळी त्याच्यामागे सरकेल, असं सॉफ्टवेअर तुला हवं.

तुझ्या लॅपटॉपवर त्यासाठी रीपर बघ. हलकं आहे, ६० दिवस पूर्ण चालतं, नंतर घरगुती लायसन्स ६० डॉलरचं. आजीच्या क्लिपचा टाइमबेस ‘टाइम’ वर ठेव, म्हणजे टेम्पो बदलला तरी आवाज ताणला जाणार नाही. मग गाणं ऐकत जा आणि प्रत्येक आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) शिफ्ट-डब्ल्यू दाबून टेम्पोची खूण टाक, पुढची सम रेघेवर येईपर्यंत टेम्पोचा आकडा कमी-जास्त कर. पहिल्या गाण्याला पूर्ण संध्याकाळ जाईल. जाऊ दे. एबलटन लाइव्हमध्येही वॉर्पच्या खुणा टाकून हे करता येतं, पण तुझ्या ४ जीबीवर ते ओढणार नाही.

तीन-तीन टाळ्या म्हणजे दादरा ताल: धा धी ना, धा तू ना. सहा मात्रा. १६ घरांत तो कसा बसेल? १२ घरं घे, एका मात्रेला दोन.

रीपरसोबत ढोलकीचे आवाज मिळत नाहीत आणि मला तेच बरं वाटतं. बाजारातल्या तयार लूपची ढोलकी बहुधा दुसऱ्याच मुलखाची असते. गावात कोणी वाजवणारा असेल तर त्याच्याकडून एकेक बोल रेकॉर्ड करून घे, प्रत्येक बोल हळू, मध्यम, जोरात असा पाच-सहा वेळा. पंखा बंद, गोधडी टांगलेली खोली. ते आवाज रीपरच्या सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले आवाज बटणावर वाजवणाऱ्या भागात) टाक. एकच ‘धा’ सारखा वाजला की कानाला लगेच कळतं. आणि त्या फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यायच्या असतील तर व्हॉइस मेसेजने नको, डॉक्युमेंट म्हणून घे.

आवाज उशिरा येतो तो बफरमुळे, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप आवाजाचा जो तुकडा साठवून ठेवतो त्यामुळे. ४४,१०० सॅम्पल रेटला २०४८चा बफर म्हणजे जवळजवळ ४६ मिलिसेकंद, ५१२चा म्हणजे १२च्या आत. एसिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाकून ५१२ कर, चटचट आवाज आला तर १०२४.

६० दिवस सॉफ्टवेअरवर रुपया घालू नको. आधी एसएसडी आणि रॅम बघ.

जामनेरचा_पोऱ्या

एलएमएमएस पूर्ण फुकट आहे, मी त्यावरच शिकलो. पण त्यात रेकॉर्डिंग होत नाही, आणि दादा सांगताहेत तसं लयीच्या मागे जाणं मला तरी त्यात जमलं नाही. नुसत्या बीटसाठी उत्तम.

बोरीकाठ (पारोळा)

ढोलकीवाले दादा, तुम्ही सांगितलं तसंच केलं. रीपर टाकलं. एका गाण्यात ३४ खुणा पडल्या. सुरुवातीला लय मिनिटाला ९२ मात्रा होती, शेवटी १०१. आता ढोलकी आजीच्या बरोबर चालते. आमच्या गल्लीतल्या आप्पांनी दोन तास बसून बोल दिले, पैसे घेतले नाहीत.

काल रात्री आजीला हेडफोन लावून दिला. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, “ढोलकी भलती वाजी ऱ्हायनी, मन्हा शबद कोठे शेतस?” ढोलकी सहा डेसिबल खाली घेतली आहे. दादा, बेस टाकला की तिचा खालचा स्वर दबतो, तो कुठे कापू?