गच्चीतली हळद काढायला झाली, हे नेमकं कशावरून ओळखायचं? (ठाणे, फेब्रुवारीत लग्न आहे)

मानपाडा_आत्या, ८ जानेवारी
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहते, सातव्या मजल्यावर पश्चिमेकडची छोटी गच्ची आहे. १२ मेला पाच ग्रो बॅगांत सेलम जातीची हळद लावली. बेणं, म्हणजे लावायचे कंद, वहिनीच्या माहेरचं, सांगलीकडून आलेलं. पाऊसभर रान माजावं तशी वाढली. गौरीगणपतीत पातोळ्यांसाठी शेजारपाजारच्यांनीसुद्धा पानं नेली.

आता अडचण सांगते. २० फेब्रुवारीला भाचीचं लग्न आहे. तिला लागणारी हळद आत्याच्या गच्चीतली असावी, असं मे महिन्यात बोलून बसले आणि घरात सगळ्यांनी ते मनावर घेतलंय. १८ तारखेला घाणा भरायचा आहे. पाच बॅगांचे पाच रंग झालेत. दोन जवळजवळ पिवळ्या होऊन आडव्या पडल्यात, दोन अर्ध्यामुर्ध्या आहेत. पाचवी अजून हिरवीगार आहे, फक्त पानांची टोकं करपल्यासारखी तपकिरी झालीत. आजच काढू, थांबू, किती थांबू? घाई करून कच्ची काढायची नाही आणि थांबून लग्न चुकवायचं नाही.

कळव्याचा_बागवाला, ८ जानेवारी
पाला पिवळा झाला की काढा. मी दरवर्षी संक्रांतीला काढतो, आजवर काही बिघडलं नाही.

ऐरोली_सेक्टर८, ८ जानेवारी
वरच्या दादांचं बरोबर असेल, पण फक्त पिवळ्या रंगावर जाऊ नका, ही कळकळीची विनंती. मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर लगेच खणली, कारण पानं पिवळी पडली होती. कंद निघाले ते पांढुरके, हातात घेतले तर साल चोळूनच निघत होती, नव्या बटाट्याची निघते तशी. उकडून वाळवले तर सुरकुतून बोटाएवढ्याचे काडीएवढे झाले. रंगही आला नाही. नंतर कळलं की पानांवर करपा पडला होता, झाड पिकलंच नव्हतं. सहा महिन्यांची मेहनत एका सकाळी घालवली. अजून जीव हळहळतो.

नेरुळचा_सांगलीकर, ८ जानेवारी
आत्या, घरी तीन पिढ्या हळद आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सेलमला साडेआठ ते नऊ महिने लागतात. तुमची १२ मेची लावण, म्हणजे आज २४१ दिवस झाले. साडेआठ महिने २६ जानेवारीच्या सुमारास भरतील. त्यामुळे सरसकट आजच काढा असं मी म्हणणार नाही. पण तारीख फक्त कधीपासून बघायला लागायचं ते सांगते. बाकी सगळं झाड सांगतं.

हळद पिकते तेव्हा खालची, जुनी पानं आधी वाळतात. टोकाकडून आणि कडेनं वाळत देठाकडे येतात. मग वरची. आणि शेवटी पानांच्या देठांचं गुंडाळून झालेलं ते खोड असतं ना, ते मऊ पडून बुडाशी लवतं आणि आडवं होतं. माझे वडील पानाकडे बघतच नाहीत, खोडाला पायानं हलकं ढकलून बघतात. रंगानं फसवलं तरी लवलेलं खोड सहसा फसवत नाही.

सहसा म्हटलं, कारण एक अपवाद आहे. कंदकूज झाली तरी खोड पडतं. फरक असा की कुजलेलं खोड हलकं ओढलं तर बुडातून सुटून हातात येतं, बुडाशी ओलं आणि काळपट असतं, वास घाण येतो. पिकलेलं कोरडं असतं, ओढलं तरी धरून राहतं. कूज असेल तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी काढा आणि चांगलं तेवढं वाचवा. करपा वेगळा दिसतो. पानाच्या मधोमध ठिपके येतात, तपकिरी, भोवती पिवळं वलय, आणि खोड ताठ उभं असतं.

तुमच्या पाचव्या बॅगेबद्दल विचारतो. ती पाण्याच्या नळाजवळ आहे का? की डिसेंबरात तिला काही खत घातलंत?

मानपाडा_आत्या, ८ जानेवारी
दादा, तुम्ही घरी येऊन बघून गेल्यासारखं लिहिलंत. स्वयंपाकघरातल्या आरओची बाहेर येणारी नळी तिच्यात सोडलीय. पाणी वाया जायला नको म्हणून जुलैपासून तसंच चाललंय.

नेरुळचा_सांगलीकर, ८ जानेवारी
मग उलगडा झाला. त्या पाण्यात क्षार जास्त असतात, पानांची टोकं त्यानं जळलीत. त्याचा पिकण्याशी संबंध नाही. आणि रोज पाणी मिळतंय म्हणून झाडाला थांबायचं कारणच नाही, ते पानंच वाढवत बसलंय. नळी आजच काढा, एकदा साध्या पाण्यानं माती भरपूर धुऊन घ्या आणि मग ती बॅग विसरून जा. लग्नाच्या हिशेबात तिला धरू नका.

बाकी चारही बॅगांचं पाणी आजपासून बंद. पाणी तोडलं की पाल्यातला उरलेला जीव खाली उतरतो, साल घट्ट होते, मातीही सुटी होते. शेतात आम्ही काढणीआधी पाला कापून आठ-दहा दिवस रान तापू देतो, ते त्याचसाठी.

वर्तकनगर_काकू, ९ जानेवारी
मी ओली हळद पातळ चकत्या करून वाळवते. चार-पाच दिवसांत कडकडीत होते, मिक्सरला पूड होते. उकडण्याची भानगड नको. लग्नाची घाई असेल तर हाच मार्ग बरा. अगदीच नाही जमलं तर वाशीच्या मसाला मार्केटमध्ये हळकुंडं मिळतातच.

मानपाडा_आत्या, ९ जानेवारी
काकू, स्वयंपाकाला चकत्यांची पूड चालेल. पण आमच्याकडे घाण्याला सवाष्णी उखळात हळकुंडं कुटतात आणि मुसळाला अख्खं हळकुंड बांधतात. त्यामुळे मला सरळ, अख्खी, वाळलेली हळकुंडं हवीत. विकतची आणायची तर मे महिन्यापासून एवढं केलं कशाला.

वर्तकनगर_काकू, ९ जानेवारी
अगं हो, घाण्याचं लक्षातच आलं नाही. मग उकडच. आणि पातोळ्यांना पानं किती काढली होतीस? आम्ही एका झाडाची दोनच्या वर काढत नाही. पानं गेली की खालचं पोसायला काही उरत नाही.

मानपाडा_आत्या, ९ जानेवारी
पाचात मिळून तीसेक काढली असतील. मान्य आहे, जास्त झाली. पुढच्या वर्षी पातोळ्यांसाठी दोन वेगळ्या कुंड्या करीन.

नेरुळचा_सांगलीकर, ९ जानेवारी
आत्या, पाना-खोडाचं झालं, आता खालचं. चारही बॅगा एकदम खणू नका. सगळ्यात आधी आडवी पडलेली बॅग घ्या, तिच्याही कडेची माती फक्त बोटांनी चार इंच बाजूला करा. एखादं हळकुंड उघडं पडेल. त्यावर अंगठा जोरात चोळा. साल सरकली तर कच्चं. साल घट्ट असेल, पेऱ्यांच्या कड्या स्पष्ट दिसत असतील, तर ते टोकाकडून मोडा. पिकलेलं हळकुंड कट्कन मोडतं आणि आत गर्द केशरी-पिवळं दिसतं. कच्चं वाकतं, आत फिकं असतं, टोक तर पांढरंच. हात पुसूनही रंग जात नसेल तर समजा, झालं काम.

मुळांच्या टोकांना पांढऱ्या फुगीर गाठी दिसतील, शेंगदाण्यापेक्षा मोठ्या. पहिल्यांदा लावणारे त्यांनाच कच्ची हळद समजून घाबरतात. ती मुळं आहेत, तिकडे लक्ष देऊ नका.

सीवूड्स_बाल्कनी, १० जानेवारी
मध्येच विचारते, माफ करा. माझी हळद पण आडवी पडलीय. मोडून बघितली तर आत फिकट पिवळी आणि वास चक्क कैरीचा. ही कच्ची आहे का?

ऐरोली_सेक्टर८, १० जानेवारी
ताई, ती आंबेहळद आहे. ती पिकली तरी आतून फिकीच राहते. मलाही एका नर्सरीतून हळद म्हणून हीच दिली होती, वर्षभर वाढवल्यावर कळलं. लोणचं घाला, सुंदर होतं. पुढच्या वेळी बेणं घेताना एक कंद मोडून हुंगूनच घ्या.

मानपाडा_आत्या, १८ जानेवारी
दहा दिवस पाणी तोडलं. आज सकाळी दादांनी सांगितलं तसं पहिल्या आडव्या बॅगेच्या कडेला माती उकरली. वरच्या दोन इंचांत काहीच नाही, मग बोटाला गार, गुळगुळीत लागलं. अंगठा चोळला, साल जागची हलली नाही. मोडलं आणि आवाज स्वयंपाकघरात सुनेला ऐकू गेला. आत संकेश्वरी मिरचीच्या तिखटात हळद कालवावी असा रंग. नखात बसलाय तो अजून आहे. दुसऱ्या आडव्या बॅगेचंही तसंच. अर्ध्यामुर्ध्या दोन बॅगांतलं एक हळकुंड मात्र टोकाला पांढरं निघालं आणि साल थोडी सरकली. आता काय करू? आडव्या दोन उद्याच काढू का?

नेरुळचा_सांगलीकर, १८ जानेवारी
पिकलेल्याला आठवडाभरानं काही होत नाही, मातीसारखं कोठार नाही. चारही २५ तारखेला काढा, एकदाच शिजवा. तेव्हा २५८ दिवस होतील. त्या अर्ध्यामुर्ध्या दोन बॅगांचा पाला आज जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, बॅगा उन्हात सरकवा.

२५ला काढून २६ला शिजवलीत, तरी वाळायला १५ दिवस धरून १० फेब्रुवारीला तयार. घाण्याआधी आठवडा हातात राहतो. याच्या पुढे मात्र ढकलू नका. हळद अर्धवट वाळली की आतून बुरशी धरते, आणि ठाण्याची हवा काही आमच्या सांगलीसारखी कोरडी नाही.

काढताना खुरपं मधोमध घालू नका. बॅग आडवी करा, कडेनं चिरून सगळा गड्डाच मोकळा करा. मधला जाडा तो जेठा गड्डा, तो वेगळा ठेवा. हळकुंडं हातानं मोडून वेगळी करा. दोन्ही एकत्र शिजवू नका, गड्ड्याला वेळ जास्त लागतो. पुढच्या मे महिन्याचं बेणं म्हणून निरोगी गड्डे न शिजवता सावलीत कोरड्या वाळूत ठेवा. शिजवलेलं उगवत नाही.

ऐरोली_सेक्टर८, १८ जानेवारी
शिजवताना पातेलं जुनंच घ्या आणि ओट्यावर वर्तमानपत्र पसरा. माझा पांढरा ओटा अजून पिवळा आहे.

वर्तकनगर_काकू, १९ जानेवारी
कितपत शिजवायची ते पण सांगा हो. माझी सासू खराट्याची काडी टोचून बघायची एवढं आठवतंय.

नेरुळचा_सांगलीकर, १९ जानेवारी
सासूबाईंचंच बरोबर. हळकुंडं बुडून वर तीन बोटं पाणी, मंद उकळी, पाऊण ते एक तास. वर पांढरा फेस येतो आणि वास बदलतो, मातकट जाऊन हळदीचा खमंग वास घरभर होतो. मग काडी टोचा. सहज आरपार गेली की गॅस बंद. कमी शिजली तर वाळताना तुटते, जास्त शिजली तर रंग मरतो. पाणी लगेच निथळा.

वाळवताना चटईवर किंवा सुती कापडावर घाला. संध्याकाळी गोळा करून झाका, जानेवारीत गच्चीवर दव पडतं. दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की खणखणीत आवाज आला पाहिजे आणि मोडल्यावर खट् झालं पाहिजे. घरच्या मिक्सरला लागलीच देऊ नका, भांडं फुटेल. आधी खलबत्त्यात कुटा.

मानपाडा_आत्या, १२ फेब्रुवारी
मंडळी, २५ला काढली. चार बॅगांतून दोन किलो सहाशे ग्रॅम निघाली. सहाशे ग्रॅमचे गड्डे बेण्याला वाळूत ठेवलेत. दोन किलो हळकुंडं पन्नास मिनिटं शिजवली, काकूंच्या सासूबाईंची काडीची खूण अगदी कामाला आली. वाळून चारशे दहा ग्रॅम भरली. सांगलीकर दादा, तुमचा तारखांचा हिशेब किती अचूक.

अर्ध्यामुर्ध्या बॅगांतली काही हळकुंडं सुरकुतली, तेवढी कुटून पूड केली. सरळ, अख्खी निवडून अकरा बाजूला काढलीत. काल भाची आली होती. तिनं दोन हळकुंडं हातात घेऊन एकमेकांवर वाजवून बघितली आणि परत वाजवली. मग रुमालात बांधून म्हणाली, आत्या, घाण्याच्या दिवसापर्यंत ही माझ्याकडेच राहू देत.

पाचवी बॅग तशीच ठेवलीय. नळी काढून महिना झाला. खालची चार पानं वाळली, आणि आज सकाळी एक खोड बुडाशी लवलेलं दिसलं.