ब्रश की कॅमेरा? माझं तरी दोन्ही चालू आहे
कॅमेरा हातात आला की ब्रश सुटतो, म्हणजे चित्रं काढणं मागं पडतं, असं काही जण म्हणतात, माझं उलटंच झालं. शाळेपासून जलरंग करतोय, त्यात पांढऱ्यासाठी कागदच कोरा राखायचा असतो, त्यामुळे उजेड कुठं पडतोय हे आधी बघायची खोड लागली आणि तीच पुढं फोटोला कामी आली. फिल्म रोलच्या काळात एका रोलमध्ये ३६ फोटो, संपले की संपले, म्हणून दहादा विचार करून क्लिक करायचो (आता मोबाईलवर २०० काढतो आणि एक धड नसतो, असो). हल्ली फोटो आधी ब्लॅक अँड व्हाइट करून टोन (कुठं उजळ, कुठं गडद) बघतो आणि मगच रंगवायला बसतो, फरक पडतो बरं का. पोर्ट्रेट मात्र अजून जमत नाही, नाक दरवेळी फसतं.